माणूस गेलं, देवाचा राग आलाय, आता प्रार्थना कशी करायची?

आधीच सांगून टाकते, यात "देवाची काहीतरी योजना असेल हो" हे वाक्य येणार नाही. ते तुम्ही दफनाच्या दिवशीच पन्नास लोकांकडून ऐकलं असेल. हे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या घरात मयत होऊन गेलीय, पाळकसाहेब किंवा फादर येऊन गेले, महिला मंडळाच्या बायकांनी काही दिवस डबे पोचवले, नगर-जालन्याकडचे नातेवाईक आपापल्या गाडीने परत गेले, आणि आता घरात आपण आणि ते रिकामं कपाट, आणि बायबल समोर असूनही उघडायला हात जात नाही. मी मराठी ख्रिस्ती मंडळीतली, सांत्वनाच्या प्रार्थनांना बरीच वर्षं जातेय, आणि माझा नवरा गेल्यापासून समोरच्या खुर्चीवर बसून पण हे सगळं बघितलंय. पाळक नाही, काउन्सेलर नाही. त्यामुळे पटेल ते घ्या, नाही पटलं तर सोडा.

सगळ्यात आधी, राग आला असेल तर तो देवालाच सांगायचा. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं की देवाला उलट बोलायचं नाही, मग होतं काय की माणूस देवाशी बोलणंच बंद करतो, वर वर चर्चला जातो, "प्रभूची स्तुती असो" म्हणतो आणि आतून दार लावून घेतो. माझ्या मते विश्वास जातो तो तिथे, रागामुळे नाही जात. बायबलमधली स्तोत्रसंहिता काढून बघा, 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश तरी रडगाणी आहेत, सरळ तक्रारी, देवा तू झोपलास का, तोंड का लपवलंस, असं सगळं. आपण मेलं 23वंच, "परमेश्वर माझा मेंढपाळ", तेवढं पाठ करतो. 88वं वाचा, ते शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. गुड फ्रायडेला सात शब्दांच्या, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरच्या सात वाक्यांच्या, उपासनेत आपण दरवर्षी ऐकतो की "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे 22व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे, म्हणजे येशूने सुद्धा वधस्तंभावर तक्रारीचंच स्तोत्र तोंडात घेतलं. मग आपण कोण मोठे लागून गेलो?

करायचं कसं तर असं. 13वं स्तोत्र घ्या, सहाच ओव्या आहेत. मोठ्याने वाचा, मनात नको. घरात सासूबाई, मुलं, शेजारी असतील आणि चाळीत भिंतीला कान असतात म्हणून लाज वाटत असेल तर गच्चीवर जा, नाहीतर पहाटेच्या लोकलमध्ये दाराजवळ उभं राहून पुटपुटा, गाडीच्या आवाजात कोणाला कळत नाही आणि कळलं तरी मुंबईत कोण विचारतंय. पहिल्या दोन ओव्यांत "किती वेळ" "किती वेळ" असं परत परत येतं, तिथेच थांबायचं आणि आपलं घालायचं. किती वेळ मी दोघांचा चहा ठेवायचा. किती वेळ त्याच्या फोनवर ईएमआयचे मेसेज येणार. शेवटच्या दोन ओव्या भरवशाच्या आहेत, त्या तोंडातून निघत नसतील तर नका म्हणू. आज चारच ओव्या झाल्या, झाल्या. काही महिन्यांनी निघतील किंवा नाही निघणार, पण बोलणं चालू राहिलं ना, ते महत्त्वाचं.

आणि काहीच निघत नसेल, अगदी एक शब्द नाही, तर दुसऱ्याला सांगा की तू माझ्या वतीने कर. यात कमीपणा नाही. मार्क 2 मध्ये पक्षाघाताच्या माणसाला चौघं जण बाजेसकट छपरातून खाली सोडतात, आणि तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. बाजेवरच्याच्या विश्वासाचा त्या वाक्यात वेगळा उल्लेख पण नाही. तुमच्या ओळखीत असे चौघं कोण आहेत ते ठरवा, चौघं नसतील तर एक तरी, आणि त्यांना स्पष्ट सांगा की मला वचनं फॉरवर्ड करू नका, रोज रात्री माझं नाव घेऊन प्रार्थना करा आणि नुसतं "केली" एवढा मेसेज टाका. हे मी बऱ्याच जणींना करायला लावलंय. ज्या दिवशी आपल्याला वाटतं की वर कोणी ऐकत नाही त्या दिवशी तो "केली" फार कामाचा असतो.

आता शरीर. याबद्दल चर्चमध्ये कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून म्हणतो की देवा पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला काय उपदेश केला? काही नाही. तो झोपला, देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला घातलं, बोलणं त्याच्या नंतर खूप दिवसांनी, होरेबच्या डोंगरावर. 1 राजे 19, वाचून बघा. तेव्हा तुम्ही जेवला नसाल, झोप लागत नसेल आणि म्हणत असाल की माझा विश्वास उडालाय, तर आधी वरण-भात खा आणि झोपायचा प्रयत्न करा, विश्वासाचं उद्या बघू. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका. मयतीच्या घरात हे इतकं कॉमन आहे, गेलेल्याच्या औषधांचं टाइमटेबल पाठ असतं आणि स्वतःच्या गोळ्या विसरलेल्या असतात.

लोकांच्या बोलण्याचं काय करायचं, हा मोठा विषय आहे. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात", "रडू नकोस, तो प्रभूत निजलाय, रडणं म्हणजे अविश्वास". हे शेवटचं तर साफ चूक. थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, शोकच करू नका असं लिहीत नाही. मित्र लाजरच्या कबरेजवळ येशूला माहीत होतं की पाच मिनिटांत हा जिवंत होऊन बाहेर येणार आहे, तरी "येशू रडला". आणि लाजरची बहीण मार्था त्याला तोंडावर म्हणाली की प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, त्याने तिला झापलं नाही. लोकांशी मात्र वाद घालत बसू नका, त्यांना काय बोलावं सुचत नसतं म्हणून बोलतात, "हो" म्हणा आणि पाणी प्यायला आत जा. शेजारच्या काकू "तुमच्यात तेरावं नाही का करत?" विचारतील, त्या प्रेमाने विचारतात, त्यांना प्रार्थनेला बोलवा, बसतात हो त्या, कधी कधी आपल्या माणसांपेक्षा शांत बसतात.

पण एक वाक्य असं आहे जे सोडून द्यायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं, निदान स्वतःच्या मनात तरी. ते म्हणजे "विश्वास कमी पडला." परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर महिनोन् महिने काढलेल्या किती घरांनी उपास केले, साखळी प्रार्थना केल्या, कोणी तेल लावून प्रार्थना केली, कोणीतरी येऊन सांगितलं की बरा झालाच समज, आणि मग माणूस गेला. मग तेच लोक म्हणतात घरात कोणीतरी शंका घेतली असेल, काहीतरी पाप असेल. आमच्या घरी सुद्धा एक प्रचारक असं बोलून गेले, नाव घेत नाही. त्यांना वाचायला द्यावं असं लूक 13 आहे, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली आणि येशू सरळ विचारतो, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही म्हणतो तो. जन्मांध माणसाच्या वेळी पण, याने पाप केलं की याच्या आईबापांनी, तर कोणीच नाही. आणि गेथशेमानेच्या बागेत, पकडला जायच्या आधी, येशूने स्वतः मागितलं की हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळून जावो. टळला नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. आता या दोघांचा विश्वास कमी पडला म्हणायचं का? रात्री दोन वाजता जेव्हा ते "मी अजून उपास केला असता तर" चालू होतं ना, तेव्हा गेथशेमानेचा तो उतारा वाचायचा. मी पान दुमडूनच ठेवलंय.

कधी कधी माणसांची उदाहरणं पण लागतात, नुसती वचनं पुरत नाहीत. मला पंडिता रमाबाई जवळच्या वाटतात. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, कडेवर लहान मनोरमा. ख्रिस्ती त्या त्यानंतर झाल्या, 1883 मध्ये इंग्लंडला. 1889 मध्ये आपल्या मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला नेलं, मग केडगाव. आणि मग 1921 मध्ये ती मनोरमा पण गेली, जी सगळं काम पुढे सांभाळणार होती. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, ते पुरं करत आणलं आणि एप्रिल 1922 मध्ये गेल्या. लोक ही गोष्ट "बघा किती खंबीर" अशी सांगतात, मला त्यात खंबीरपणा वगैरे दिसत नाही, मला दिसतं की त्या बाईने रोजचं काम सोडलं नाही, रोज तेच शब्द समोर घेऊन बसली. शोकात माणसाला मोठा निर्णय झेपत नाही, रोजचं छोटं काम झेपतं. तुमचं जे काय असेल ते, संडे स्कूलचा वर्ग, चर्चमधली फुलं, शेजारच्या आजींना रविवारी टॅक्सीत बसवून आणणं, त्यातलं एक तरी धरून ठेवा. सगळं नका धरू, कमिटीचा तर राजीनामाच द्या.

चर्चला परत जाणं बऱ्याच जणांना दफनापेक्षा अवघड जातं. त्याच बाकावर बसायचं, आणि पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन सुरू झालं की, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणजे आपल्याकडे लग्नाला पण तीच आणि मयतीला पण तीच, घशात काहीतरी येतं. तेव्हा उशिरा जा, मागे दाराजवळ बसा, आशीर्वादाच्या आधी निघून या, कोणाला उत्तर द्यायला बांधील नाही तुम्ही. गाऊ नका, दुसरे गातायत ते ऐका. प्रभुभोजनाला मात्र पुढे जा, कारण तिथे काही बोलावं लागत नाही, हात पुढे करायचा आणि घ्यायचं. आपल्या मंडळीत सगळे ओळखीचे म्हणून रडता येत नसेल तर काही दिवस दुसरीकडे जा. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला जी गर्दी असते त्यात कोण कॅथलिक, कोण प्रोटेस्टंट, कोण हिंदू कोणाला कळत नाही, तिथे बसून रडणारी बाई म्हणजे काही विशेष नाही. आमच्या एक-दोन कट्टर प्रोटेस्टंट मावशींना हे सांगितलं की त्या नाक मुरडतात, मुरडू द्या.

आता मुंबईचा खास विषय, कबर. बाहेरगावच्या लोकांना हे कळत नाही. इथे जागाच नाही, कायमची कबर मिळणं फार अवघड, त्यामुळे बऱ्याच कबरस्थानांत साधी कबर काही वर्षांनी उघडतात, त्याच जागेत दुसरं दफन होतं, आणि आधीच्या माणसाच्या अस्थी घरच्यांना हव्या असतील तर भिंतीतल्या कोनाड्यात, ज्याला सगळे निश म्हणतात, तिथे ठेवतात. त्याचा फोन येतो ना कबरस्थानाच्या ऑफिसमधून, तेव्हा जखमेवरची खपली निघाल्यासारखं होतं, सगळं पहिल्या दिवसापासून परत. म्हणून नियम काय आहे, मुदत किती, फी किती, हे दफनानंतर महिन्याभरात जाऊन विचारून ठेवा, एकट्याने जाऊ नका, आणि तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत असू दे. अस्थी काढताना हजर राहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, नाही जमलं तर दीर-भाचा कोणीतरी जाईल, त्यात प्रेम कमी होत नाही.

पुष्कळ लोकांना तेव्हा भीती वाटते की शरीर एका जागी राहिलं नाही तर पुनरुत्थानाचं काय. काही बिघडत नाही. येशूच्या काळात यरुशलेममध्ये सुद्धा खडकातल्या कबरेत शरीर ठेवायचे आणि साधारण वर्षभराने अस्थी गोळा करून दगडी पेटीत ठेवायचे, तीच कबर पुढच्या माणसाला. जुन्या करारातल्या योसेफाच्या अस्थी तर मिसरातून चाळीस वर्षं रानातून फिरून शेवटी शखेमात पुरल्या. आणि पौल करिंथच्या मंडळीला पेरलेल्या दाण्याचं सांगतो, पेरतो ते आणि उगवतं ते एकसारखं दिसत नाही. ज्यांनी दहन केलं त्यांनीही टेन्शन घेऊ नका, कॅथलिक चर्चने सुद्धा 1963 पासून परवानगी दिलीय, फक्त रक्षा उधळू नका, पवित्र जागी ठेवा एवढं त्यांचं म्हणणं आहे. घरात एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट असेल, इथे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या कॅथलिक समाजातली, सून आणि नगरचे सासरे असं किती घरांत आहे, तर मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, भांडण होतंच. ज्याला मिस्सा, म्हणजे मृतासाठी कॅथलिक उपासना, सांगायचाय त्याने सांगावा, ज्याला नुसती फुलं ठेवायचीत त्याने ठेवावीत, गाडी एकच करा म्हणजे झालं.

तारखा त्रास देतात. पहिला ख्रिसमस सगळ्यात वाईट. स्टार लावायचा की नाही, फराळ करायचा की नाही, यावर घरातली मोठी माणसं काही म्हणतील आणि मुलं काही. आधी नोव्हेंबरमध्येच बसून ठरवा, आयत्या वेळी 24 तारखेला नको. थोडं करा. करंज्या बाहेरून आणा. कॅरोल पार्टीला सांगून ठेवा की यंदा आमच्याकडे गाणी नको, एक प्रार्थना करून जा, ऐकतात ती मुलं. ईस्टरची पहाटेची उपासना काहींना उलट बरी वाटते. मला स्वतःला मधला शनिवार जवळचा वाटतो, गुड फ्रायडेला तीन तास चर्च भरलेलं, रविवारी पुन्हा भरलेलं, आणि शनिवारी काहीच नाही, सगळे आपापल्या घरी. शिष्यांना तेव्हा रविवार येणार हे माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ते सगळं संपलेलं होतं. आपलं बरेच महिने शनिवारच चालू असतो आणि तो पण त्याच कॅलेंडरमध्ये आहे.

मुलांना "देवाला पप्पा आवडले म्हणून घेऊन गेला" असं सांगू नका, मुलं देवाला घाबरायला लागतात आणि मग मम्मी पण आवडली तर काय असं झोपेत बडबडतात. पप्पा मेले, आजार मोठा होता, डॉक्टरांनी प्रयत्न केले, आपल्याला खूप वाईट वाटतंय आणि देवालाही आपलं रडणं दिसतं, एवढं पुरे.

ज्यांच्या घरात आत्महत्या झालीय त्यांच्यासाठी एवढंच, ते माणूस नरकातच गेलं असं कोणी सांगितलं तर ते ऐकून घेऊ नका, कॅथलिक धर्मशिक्षणात सुद्धा स्पष्ट म्हटलंय की अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये. आणि तुमच्या स्वतःच्याच मनात मरणाचे विचार येत असतील, किंवा महिने गेले तरी उठणं, अंघोळ, कामाला जाणं होत नसेल, तर टेली-मानसला फोन करा, 14416, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. डॉक्टरकडे जाणं म्हणजे प्रभूवर भरवसा नाही असं नसतं. चष्मा लावताना नाही ना म्हणत आपण असं.

आणि हे वाचणारे तुम्ही शोकात नसाल, शोकातल्या घरी जाणार असाल, तर बायबलमधल्या, मुलंबाळं-संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचं बघा, सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. वचन सांगायच्या आधी भांडी घासा. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जा, आणि गेलेल्याचं नाव घ्या, लोक नाव घ्यायचंच टाळतात. वॉर्ड ऑफिसमधून मृत्यूचा दाखला काढायला बरोबर जा, पाच-सहा कॉपी जास्तीच्या घ्या, बँक, पीएफ, एलआयसी, सोसायटी सगळीकडे लागतात. आणि गेलेल्याचा मोबाइल नंबर लगेच बंद करू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावर अडकलेले असतात, आधी बँकेत आणि बाकीच्या ऑफिसांत जाऊन नॉमिनीचं काम उरकून घ्या आणि मगच सिमचं बघा.